आमचे अण्णा आणि कोयनेचे धरण

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, २०२४ साली वयाच्या ९५व्या वर्षी गेले. दिवसकार्याला जमलेल्या नातेवाइकांपैकी दोघातिघांनी मला "तू लिहितेस ना, मग अण्णांवर लिही की" असे सांगितले. मी लगेच हो म्हटले, पण लिहायला बसले की गाडी नेमकी एका जागी येऊन अडायची. अण्णांचे बाकीचे आयुष्य सरळ रेषेत मांडता येण्यासारखे होते. शिक्षण, नोकरी, लग्न, दोन मुले, बदल्या, निवृत्ती, नातवंडे. फक्त एका पहाटेचे काय करायचे ते मला कळत नव्हते. ती पहाट ११ डिसेंबर १९६७ ची. ती आमच्या घरापुरती नव्हती, महाराष्ट्राच्या इतिहासातही तिची नोंद आहे. म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तरच लिहिते.

अण्णांचा जन्म १९२९ चा. कऱ्हाडच्या खाली कृष्णाकाठच्या एका लहान गावात आमचे घर होते. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तो प्रीतिसंगम सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे आमच्या गावाच्या घाटावर जे पाणी यायचे, त्यात कोयनेचेही पाणी असायचे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आजोबा लवकर गेले. आजीने दूध विकून आणि थोडीशी शेती वाट्याने लावून अण्णांना आणि आत्याला वाढवले. अण्णा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. १८५४ साली सुरू झालेल्या याच संस्थेतून विश्वेश्वरय्याही शिकून बाहेर पडले होते. त्याचा अण्णांना इतका अभिमान होता, की कुणी विश्वेश्वरय्यांचे नाव काढले की "आमच्या कॉलेजचे" असे म्हटल्याशिवाय त्यांना राहवत नसे. जणू दोघे एकाच बाकावर बसत असावेत! पास झाल्यावर ते सरकारी नोकरीत लागले आणि काही वर्षे कालव्यांच्या कामावर फिरून १९५७ साली कोयनेला रुजू झाले. पुढच्याच वर्षी माझा जन्म झाला.

कोयना प्रकल्प ही मोठी नामी कल्पना आहे. कोयनेचे पाणी स्वाभाविकपणे पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जाते. पण तिच्या खोऱ्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आहे आणि त्याच्या पायथ्याशी कोकण, जवळजवळ ४८० मीटर खाली. नदी अडवायची, पाणी डोंगरातून बोगद्याने पश्चिमेकडे न्यायचे, उभ्या नळांतून खाली सोडायचे, जमिनीच्या पोटात कोरलेल्या वीजघरात त्यावर चक्रे फिरवायची आणि ते पाणी वाशिष्ठी नदीला देऊन टाकायचे, अशी ही योजना. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टाटांनीही तिचा विचार केला होता, पण ते राहून गेले. प्रत्यक्ष काम १९५४ साली सुरू झाले. १९६२ साली पोफळीच्या वीजघरातून वीज मिळू लागली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत धरण पुरे झाले. पायापासून उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरच्या थोडी वर. मोठमोठे दगड बसवून त्यांच्यामध्ये काँक्रीट भरायचे, अशा पद्धतीने म्हणजे रबल काँक्रीटमध्ये ते बांधलेले आहे. लांबून एकसंध भिंत दिसली तरी ती शेजारी शेजारी उभ्या केलेल्या मोठ्या ठोकळ्यांची रांग असते आणि तिच्या पोटातून ये-जा करता येईल अशा अरुंद गॅलऱ्या असतात. झिरपणारे पाणी तिथे गोळा होते आणि रोज मोजले जाते. हे मोजमाप पाहणे हा अण्णांच्या कामाचा एक भाग होता.

माझे बालपण कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये गेले. पाऊस असा, की जून ते सप्टेंबर कपडे वाळत नसत. आई शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर माझ्या भावाची दुपटी वाळवायची. वर्षाला २०० इंचांच्या आसपास पाऊस तिथे काही विशेष नव्हता. अण्णा सकाळी सातला बाहेर पडत आणि दिवेलागणीला येत. आले की आधी हातपाय धुऊन माझी वेणी घालायला बसत. होय, माझ्या वेण्या अण्णा घालायचे! आईचे हात त्या वेळी भाकरीत असत. त्यांची वेणी ओळंब्यात असल्यासारखी सरळ असायची आणि दोन्ही बाजूंची लांबी जुळली नाही तर ते सोडून पुन्हा घालत.

दर रविवारी रात्री ते आजीला पोस्टकार्ड लिहीत आणि सोमवारी टाकत. आजीला गाव सोडवत नव्हता, त्यामुळे हा नेम कधी मोडला नाही. मजकूर ठरलेला असे. आठवड्याचा पाऊस किती, धरणात पाणी किती, मुलांची तब्येत कशी आणि पैसे कधी पाठवतो. आजीला अक्षरओळख बेताचीच, पण पावसाचे आकडे तिला पाठ असत आणि गावात ती ते सगळ्यांना सांगत असे. "माझा लेक वर आहे" असे ती म्हणायची. वर म्हणजे नदीच्या वर.

धरणात पाणी साठू लागल्यापासून तिथे लहानसहान धक्के बसत होते. भांडी वाजायची, खिडक्यांची तावदाने थरथरायची, जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज यायचा. आम्हा मुलांना त्याची सवय झाली होती. दख्खनचे पठार म्हणजे कधीही न हलणारी जमीन, असे तेव्हा सर्वत्र मानले जाई. तरीही धरणाचे आराखडे करताना भूकंपाचा थोडा विचार केलेला होता. धरणाच्या वजनाच्या विसाव्या भागाएवढा आडवा जोर, म्हणजे ०.०५ हा गुणांक, त्यात धरलेला होता.

११ डिसेंबरला सोमवार होता. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तो मोठा धक्का बसला. मी नऊ वर्षांची होते आणि भाऊ चार वर्षांचा. मला आवाज आधी आठवतो, मग अंधार, मग तोंडात गेलेली माती. अण्णांनी मला दंडाला धरून ओढले ते अजून जाणवते. भाऊ आईच्या कुशीत होता. मागची भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून आम्ही वाचलो. आत पडली असती तर हा लेख लिहायला मी नसते. बाहेर मोकळ्या जागेत सगळी वसाहत जमली होती. थंडी मरणाची आणि वीज गेलेली. कुठून तरी रडण्याचे आवाज येत होते आणि त्यातच कुणीतरी ओरडले, "धरण फुटलं!"

त्या ओरडण्याचा अर्थ आज कदाचित लक्षात येणार नाही. सहाच वर्षांपूर्वी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटून पुणे वाहून गेले होते. धरण फुटणे म्हणजे काय ते मोठ्या माणसांना नेमके माहीत होते.

अण्णांनी आम्हाला तिघांना एका आंब्याखाली बसवले. पडक्या खोलीत परत जाऊन एक घोंगडी आणि खुंटीवरचा आपला शर्ट घेऊन आले. घोंगडी आमच्या अंगावर टाकली, आईला काहीतरी म्हणाले आणि निघून गेले. भाऊ त्यांच्या नावाने ओरडत होता. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. ते परत आले ते तिसऱ्या दिवशी सकाळी. त्या दोन रात्री आम्ही उघड्यावर होतो आणि जमीन सारखी हलत होती. शेजारच्या क्वार्टरमधली माझ्याच वर्गातली एक मुलगी त्या पहाटे गेली होती. तिच्या घरचे आमच्यापासून दहा पावलांवर बसलेले होते.

त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. कोयनानगरमधली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. वीजघर बंद पडून मुंबईचा वीजपुरवठाही तुटला. धक्का गोव्यापर्यंत जाणवला होता. धरणाच्या आत बसवलेल्या मापकाने नोंदवलेले आकडे पुढे जगभर अभ्यासले गेले. धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ आणि आडव्या दिशेने ०.४९. ही मापे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत आहेत. आराखड्यात धरलेल्या ०.०५ शी हे दोन्ही मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे सरळ भागाकार करायचा नसतो, असे अण्णा मला पुढे बजावत, पण धरणाने त्याच्यासाठी कल्पिलेल्यापेक्षा फार मोठा मार खाल्ला एवढे खरेच. उंच ठोकळ्यांना वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार बदलतो त्या पातळीला, आडव्या भेगा पडल्या. तलाव त्या वेळी भरत आलेला होता. पण धरण उभे राहिले. भेगा इपॉक्सीने भरल्या, पोलादी केबलींनी ठोकळे ताणून बांधले आणि नंतर मागच्या बाजूने काँक्रीटचे जाड आधार चढवले. अण्णांची पुढची पाच-सहा वर्षे त्यातच गेली. भारताच्या भूकंपाच्या नकाशातही मग कोयनेचा भाग वरच्या धोक्याच्या विभागात गेला. मोठ्या जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळू शकते याचे उदाहरण म्हणून जगभर कोयनेचे नाव घेतले जाते. त्याचा शोध घेण्यासाठी या परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल भोकही पाडले गेले आहे.

आता घरातल्या गोष्टीकडे येते. अण्णा आम्हाला आंब्याखाली सोडून गेले हे मी विसरले नाही. लहानपणी त्याचा राग होता. कॉलेजात गेल्यावर त्या रागाला मी मोठी मोठी नावे दिली. लग्न होऊन मला मुले झाली तेव्हा राग परत ताजा झाला, कारण आपण असे मुलांना टाकून जाऊ शकणार नाही याची मला खात्री होती. एकदा आईला विचारले. ती गहू निवडत होती. म्हणाली, "पहिल्या दिवशी फार राग आला होता बाई. दुसऱ्या दिवशी राग करायला वेळ कुठे होता? दूध नव्हतं, पाणी नव्हतं." एवढे बोलून तिने सूप उचलले.

गंमत म्हणजे बाकी आयुष्यभर या माणसाने घर सोडले नाही. बढतीबरोबर दूरची बदली आली तेव्हा भावाची दहावी होती म्हणून त्यांनी बढती नाकारली. रोज रात्री झोपण्यापूर्वी ते गॅस, कड्या आणि प्रत्येकाचे अंथरूण बघून येत. दरवर्षी ११ डिसेंबरला पहाटे चारला उठत, दिवा न लावता सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारत आणि मग अर्धा तास खुर्चीत बसून राहत. आमच्या मुलांना वाटायचे, आजोबांचा काहीतरी उपास आहे.

निवृत्त झाल्यावरही कोयना त्यांच्यातून गेली नाही. १३ मार्च १९९९ ला कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी तलावाच्या तळाशी छेद दिला गेला, त्याला लेक टॅपिंग म्हणतात. आशियातला तसला तो पहिलाच प्रयोग होता. अण्णांनी नातवंडांना शहाळे घेऊन ते समजावले. "बुडाकडून कोरत कोरत जायचं. शेवटी पातळ साल तेवढी ठेवायची. मग ती एका दणक्यात उडवायची, की पाणी आपल्या बोगद्यात." प्रात्यक्षिकात सगळे पाणी त्यांच्या धोतरावर सांडले आणि नातवंडांनी टाळ्या वाजवल्या. आज चारही टप्पे आणि पायथ्याचे वीजघर मिळून कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. हा आकडा अण्णा जेवताना मीठ मागावे इतक्या सहज सांगत.

मात्र कुणी त्यांचे फार कौतुक करू लागले की ते एक वाक्य हमखास बोलत, "आम्ही पगार घेऊन बांधलं. ज्यांची गावं पाण्यात गेली त्यांनी जागा दिली." शिवाजीसागराखाली बुडालेल्या गावांतली माणसे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी कुठे कुठे पांगली आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अनेक दशके चालत राहिले. नातेवाइकांनी त्यांच्या पंचाहत्तरीला सत्कार केला तेव्हाही अण्णा उठून हेच बोलले आणि कार्यक्रमाचा रंग थोडा उतरला. मला तेव्हा संकोच वाटला होता. आज वाटत नाही.

आईला २००५ साली अर्धांगाचा झटका आला. त्यानंतर आठ वर्षे अण्णांनी तिचे सगळे केले. बाई ठेवा म्हटले तर ऐकले नाही. एका जाड वहीत तारीख, वेळ, औषध, रक्तदाब, किती खाल्ले, किती झोपली, सगळे रकाने आखून लिहिलेले. कामावरच्या मेजरमेंट बुकसारखी प्रत्येक पानाखाली सही! सकाळी तिची वेणीही तेच घालत. वयाच्या ८०व्या वर्षीसुद्धा ती वेणी सरळ असायची. आई गेली त्या दिवशीच्या पानावर सगळे रकाने कोरे आहेत आणि खाली सही आहे.

आई गेल्यानंतर एका संध्याकाळी मी धीर करून त्यांना विचारले, "अण्णा, त्या पहाटे तुम्ही आम्हाला सोडून का गेलात?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आत जाऊन बघायला हवं होतं." मी म्हटले, "दुसरं कुणी नव्हतं का?" "होते की. तेही गेले." त्यापुढे ते काही बोलले नाहीत आणि माझे काही त्याने समाधान झाले नाही.

आता दिवसकार्याला काय झाले ते सांगते. आतेभाऊ येताना एक पत्र्याची पेटी घेऊन आला. आजी गेल्यावर तिची पेटी आत्याकडे गेली होती. आत्याच्या माघारी ती माळ्यावर पडून होती. आत अण्णांची पोस्टकार्डे, सालवार, सुतळीने बांधलेली. डिसेंबर १९६७ चे कार्ड मी शोधून काढले. त्यावर अण्णांचे नेहमीचे शाईचे अक्षर होते, रविवार १० डिसेंबर ही तारीख, ती. आईस सा. नमस्कार, मुले ठीक, धाकट्याला थोडा खोकला, पैसे पंधरा तारखेला पाठवतो. रविवारी रात्री लिहून शर्टाच्या खिशात ठेवलेले ते कार्ड होते. पहाटे खुंटीवरून काढलेल्या त्याच शर्टाच्या. आणि वरच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने, घाईने लिहिलेले, "पहाटे मोठा भूकंप. आत जाऊन पाहिले. धरण उभे आहे. घर सोडू नये. गावात सर्वांस सांगणे. ही व मुले सुखरूप." त्याच्यावर पोस्टाचा शिक्का नव्हता. आतेभावाने आत्याकडून ऐकले होते, की त्या दिवशी संध्याकाळी कऱ्हाडकडे येणाऱ्या एका जीपवाल्याने ते हाती आणून दिले. गावातली निम्मी माणसे तोपर्यंत चंबूगबाळे घेऊन टेकाडावर गेली होती. आजी मात्र दारात बसून होती. कार्ड वाचून घेतल्यावर ती टेकाडावर जाऊन सर्वांना खाली घेऊन आली.

मी ते कार्ड हातात धरून बराच वेळ बसले. आधी मनात आले ते जुनेच, इथेही धरण आधी आणि आम्ही शेवटी! मग हळूहळू उमजले, की ते लिहिताना अण्णा स्वतःच्या आईला पाण्याच्या वाटेवर थांब असे सांगत होते. भरलेल्या तलावाखाली, भेगा पडलेल्या धरणाखाली. हे वाक्य कुणाच्या सांगण्यावरून लिहिता येत नाही. त्याआधी ते अंधारात त्या गॅलरीत उतरले असणार, बॅटरीच्या उजेडात झिरपणारे पाणी पाहिले असणार, आणि वर जमीन हलतच होती. आम्ही आंब्याखाली होतो, उघड्यावर होतो, पण त्यांच्या डोळ्यांसमोर होतो. आजी नव्हती, आणि तिच्यासारखी नदीकाठची कितीतरी माणसे नव्हती.

भावाचे मत आजही वेगळे आहे. तो म्हणतो, त्यांनी एकदा मागे वळून पाहायला हवे होते. त्याचेही मला खोटे म्हणवत नाही. चार वर्षांचे पोर ओरडत होते.

आईची आठ वर्षांची वही माझ्याकडे आहे. कार्ड मी भावाला दिले. त्याने ते फ्रेम करून घेतले आहे, पण भिंतीवर लावलेले नाही, कपाटात ठेवले आहे. अण्णा गेल्यानंतरच्या पहिल्या ११ डिसेंबरला मला पहाटे चारला आपोआप जाग आली. मी उठून गॅस पाहिला, कड्या पाहिल्या, नातीचे पांघरूण सारखे केले आणि जरा वेळ खुर्चीत बसले. साडेचार वाजता भावाचा फोन आला. तोही जागाच होता.